गोधडी शिवायची की भरतकाम करायचं? मशीन घेण्याआधी एवढं तपासा

शिलाई मशीनच्या खोक्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा टाक्यांचा असतो. २३ टाके, ६० टाके, २०० टाके. गोधडीला त्यातला एकच लागतो, सरळ टीप. ठिगळं वर ठेवून त्यांच्या कडा पक्क्या करायच्या असतील तर झिगझॅग आणि ब्लँकेट टाका धरा, झाले तीन. हूपमध्ये, म्हणजे कापड धरून ठेवणाऱ्या चौकटीत, कापड ताणून मशीन आपोआप करतं ते भरतकाम तर या टाक्यांमधून होतच नाही, त्याची यंत्रणाच वेगळी. तेव्हा हा आकडा डोक्यातून काढून टाका आणि दुसऱ्या गोष्टी बघा.

गोधडीला मशीनमध्ये ताकद आणि मोकळी जागा लागते. भरतकामाला नेमकेपणा आणि मोठा हूप लागतो. दोन्ही एकात देणारी मशीन आहेत, पण महाग आहेत, आणि स्वस्तातली जोडमशीन दोन्हीकडे अर्धवट पडतात.

१. ‘भरतकाम’ म्हणजे नेमकं कुठलं, ते आधी ठरवा

नव्याने मशीन घेणाऱ्यांची सगळ्यांत मोठी फसगत या एका शब्दावर होते, कारण दुकानात तीन वेगळ्या गोष्टींना ‘एम्ब्रॉयडरी मशीन’ म्हणतात.

पहिली, शोभेचे टाके. साध्या झिगझॅग मशीनवर पानांची, लाटांची, चांदण्यांची रांग येते. उशीच्या अभ्र्याच्या काठाला छान दिसते, पण त्यातून मोर किंवा नाव निघत नाही.

दुसरी, हाताने फिरवून केलेलं मशीन भरतकाम. नेहमीचा फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय, काढायचा, सुईखालचे कापड सरकवणारे दाते खाली घ्यायचे, कापड रिंगमध्ये ताणायचं आणि रिंग दोन्ही हातांनी फिरवत सुईने चित्र काढायचं. हे अगदी जुन्या पायमशीनवरही होतं. सगळं कौशल्य हातात असतं, आणि हात बसायला काही महिने जातात.

तिसरी, संगणकीय भरतकाम. डिझाइनची फाइल मशीनमध्ये घालायची, हूप लावायचा, बटण दाबायचं. हूप मशीनच हलवतं. यासाठी हूप धरून हलवणारी, भरतकामाची वेगळी बाही असलेलं मशीनच लागतं. साध्या मशीनला नंतर जोडता येईल असा कुठलाही सुटा भाग मिळत नाही. कोणी ‘पुढे अटॅचमेंट घेता येईल’ म्हणालं, तर त्या मॉडेलवर ती आत्ता लावून दाखवायला सांगा.

२. बाजारात काय काय मिळतं

काळं लोखंडी मशीन, पायाने चालणारं किंवा मोटर बसवलेलं: फक्त सरळ टीप मारतं, पण ती जाडजूड कापडावरही सुरेख बसते. अडचणी दोन. सुईजवळची जागा बेताची असते, आणि बऱ्याच मशीनमध्ये दाते खाली जात नाहीत. दात्यांवर बसवायची एम्ब्रॉयडरी प्लेट मिळते, तिने दुसरी अडचण सुटते. घरात आजीचं असं मशीन पडून असेल तर आधी ते साफ करून, तेल घालून, नवा पट्टा चढवून बघा. सरळ पट्ट्यांच्या गोधडीसाठी नवं काही घेण्याची गरजच कदाचित उरणार नाही.

घरगुती झिगझॅग मशीन, वजनाला सहा-सात किलो: नवशिक्यांसाठी हीच सर्वसाधारण निवड. उषा जनोम, सिंगर, ब्रदर या तिन्हींची मॉडेलं आपल्याकडे सहज मिळतात. मॉडेल निवडताना ब्रँडच्या आधी पुढच्या भागातली मोजमापं बघा.

घरगुती संगणकीय मशीन: यात सुई वर थांबवायची की खाली, ते ठरवता येतं, वेगाची मर्यादा बांधता येते, टाक्याची लांबी आकड्यात दिसते. गोधडीला ‘सुई खाली थांबणे’ ही सोय मोलाची आहे. कोपऱ्यावर कापड वळवताना टीप जागची हलत नाही.

कारखान्यातलं सिंगल नीडल मशीन: ताकद भरपूर, उजवीकडे दहा-एक इंच जागा. पण वेग मिनिटाला ५,००० टाक्यांपर्यंत जातो, झिगझॅग नाही, दाते खाली जात नाहीत, आणि टेबलासकट ते खोलीचा एक कोपरा अडवतं. जुनं घेत असाल तर क्लच मोटरऐवजी सर्व्हो मोटर बसवून घ्या. वेग ताब्यात राहतो, आवाज कमी होतो.

फक्त भरतकामाचं संगणकीय मशीन आणि शिलाई-भरतकाम जोडमशीन: यांच्याबद्दल चौथ्या भागात.

ऑनलाइन मिळणारी मुठीत मावणारी आणि बॅटरीवरची छोटी मशीन या कामासाठी नाहीत. मुठीतलं मशीन एकाच दोऱ्याचा साखळी टाका घालतं. एक टोक सुटलं की सगळी टीप उसवते.

३. गोधडीसाठी: पट्टी घेऊन मोजा

*सुईपासून उजव्या खांबापर्यंतचं अंतर.* हे सगळ्यांत महत्त्वाचं माप, आणि खोक्यावर ते क्वचितच छापलेलं असतं. साध्या घरगुती मशीनमध्ये ते सहा ते साडेसहा इंच असतं, मोठ्या मशीनमध्ये आठ ते अकरा. ५ × ७ फुटांची गोधडी मधोमध शिवताना तिची निम्मी रुंदी, म्हणजे ३० इंच, गुंडाळी करून या जागेतून जायला हवी. मध्ये पॉलिस्टर वॅडिंगचा फुगीर थर असेल तर ती गुंडाळी चार इंचांच्या पुढे जाते आणि हात फिरवायला दोनच इंच उरतात. जुन्या साड्यांच्या थरांची गोधडी सपाट असल्याने सहज मावते. सहा पदरी गोधडीला साधारण तीन सहावारी सुती साड्या पुरतात आणि गुंडाळीही बारीक होते. म्हणजे साडेसहा इंची मशीनवर साड्यांची गोधडी जमेल; जाड वॅडिंगची डबल बेडची रजई शिवताना मात्र मानेला आणि खांद्याला घाम फुटेल.

*दाते खाली जातात का.* मागच्या बाजूला किंवा बाहीखाली एक खिटी असते. नसेल तर दाते झाकायची प्लेट मिळते का विचारा. कापड हाताने फिरवत मारायच्या वळणदार, फिरत्या टिपेसाठी हे हवंच. फक्त सरळ ओळी मारणार असाल तर सोडून द्या.

*वॉकिंग फूट बसतो का.* दाते खालचं कापड ओढतात, फूट मात्र वरच्या कापडावर नुसता घासत राहतो. एका थरात हे जाणवत नाही. तीन थर झाले की वरचा थर हळूहळू पुढे ढकलला जातो आणि ओळीच्या शेवटी चुणी पडते. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात, तो वरचा थरही बरोबरीने सरकवतो. विकत घेण्याआधी मशीन लो शँक आहे की हाय शँक (फूट बसवायचा दांडा आखूड की उंच) ते विचारा. एकाचा फूट दुसऱ्याला बसत नाही. बहुतेक घरगुती मशीन लो शँक असतात. वॉकिंग फूट लावून उलटी टीप मारू नका. बरेचसे वॉकिंग फूट फक्त पुढे सरकवायला बनवलेले असतात, उलट नेलं की थर आपसांत भांडतात.

*फूटचा दाब कमी करता येतो का.* वरच्या बाजूला डायल किंवा स्क्रू असतो. स्वस्त मॉडेलांतून तो काढून टाकलेला असतो. गोधडीसाठी दाब थोडा उतरवला की निम्म्या चुण्या आपोआप जातात, त्यामुळे हा डायल वीस शोभेच्या टाक्यांपेक्षा जास्त कामाचा.

*पाव इंचाचा फूट.* ठिगळं जोडताना माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेली कापडाची कड, पाव इंच धरतात. ती इंचाचा सोळावा भाग जास्त गेली तर प्रत्येक जोडात दोन्ही बाजू मिळून एक अष्टमांश इंच कापड कमी होतं. बारा ठिगळांच्या ओळीत अकरा जोड असतात, म्हणजे ओळ जवळजवळ दीड इंच आखूड. मग ‘मापं बरोबर कापली होती, तरी ओळी जुळत नाहीत’ असं म्हणत बसायची वेळ येते. दोष मापांचा नसतो, मायेचा असतो. ती नेमकी पाव इंच राखायलाच हा फूट.

*टेबल.* सहा पदरी सुती गोधडीचं वजन दीड किलोच्या आसपास भरतं. ते टेबलावरून खाली लोंबलं की कापड सुईला ओढतं, सुई किंचित वाकते, प्लेटवर आपटते आणि तुटते. दोष सुईच्या कंपनीला दिला जातो. मशीनबरोबर मिळणारं किंवा वेगळं घ्यायचं जोडटेबल डावीकडे आणि मागे आधार देईल असं हवं. सोय नसेल तर डावीकडे इस्त्रीचं टेबल त्याच उंचीवर लावा, काम भागतं.

टाक्याची लांबी ठिगळं जोडताना २ ते २.५ मिमी, म्हणजे इंचाला दहा ते बारा टाके. सगळे थर एकत्र शिवताना ३ ते ३.५ मिमी. हाताच्या धावदोऱ्यासारखा ठळक टाका हवा असेल तर ४ मिमीपर्यंत जाणारं मशीन बघा.

सुया: साध्या सुती जोडकामाला ८०/१२, थर शिवायला ९०/१४, जीन्सची ठिगळं किंवा साडीचा जाड काठ मध्ये येत असेल तर १००/१६. साडीला जुना फॉल असेल तर तो आधी उसवून काढा. फॉल, काठ आणि त्यावर ठिगळाचा जोड असे तीन जाडपणे एका जागी आले, की तिथे टाका सुटतो. घरगुती मशीनला एका बाजूने चपट्या दांड्याची सुई लागते, कारखान्याच्या मशीनला गोल दांड्याची. दुकानात ‘सोळा नंबर द्या’ एवढंच म्हटलं तर कुठलीही हातात पडते.

४. भरतकामासाठी: हूपचं माप आणि फाइल

संगणकीय मशीन घेताना पहिला प्रश्न: भरतकामाचं क्षेत्र किती? सर्वसाधारण मापं १०० × १०० मिमी, १३० × १८० मिमी, १६० × २६० मिमी आणि २०० × २८० मिमी. हूपचं बाहेरचं माप मोठं दिसतं, मशीन शिवतं ते आतलं क्षेत्र विचारा.

१०० मिमीच्या मशीनवर साडीची बुट्टी, रुमालावरचं नाव, बाळाच्या दुपट्याचा कोपरा उत्तम होतो. ब्लाउजच्या पाठीवरचा २० सेमी उंच मोर मात्र होत नाही. तो दोन-तीन तुकड्यांत करून जुळवावा लागतो, आणि जुळवणीत एक मिलिमीटरचा फरकही डोळ्यांत येतो. साडेपाच मीटर साडीच्या काठावर सलग वेल काढायचा तर १८ सेमी लांबीच्या हूपने कापड सुमारे ३१ वेळा काढून लावावं लागेल, २८ सेमीच्या हूपने २० वेळा. ब्लाउज आणि साडीची ऑर्डर घ्यायचा विचार असेल तर १०० मिमीचं मशीन स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका, सहा महिन्यांत विकायला निघेल.

आणखी एक सापळा: डिझाइन १०१ मिमीचं असेल आणि क्षेत्र १०० मिमीचं, तर बहुतेक मशीन ते घेतच नाही. कित्येकदा पडद्यावर फाइल दिसतसुद्धा नाही, आणि लोक पेन ड्राइव्ह बिघडला समजतात. (पेन ड्राइव्हचंही सांगायचं तर तो कमी क्षमतेचा आणि फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला ठेवा. मोठे ड्राइव्ह जुन्या मॉडेलांना वाचता येत नाहीत.)

फाइलचे प्रकार ब्रँडनुसार बदलतात. ब्रदर पीईएस वाचतं, जनोम जेईएफ. डीएसटी हा प्रकार व्यावसायिक मशीनवर चालतो आणि बऱ्याच घरगुती मशीनवरही, पण त्यात दोऱ्याच्या रंगांची माहिती नसते. पडद्यावर मोर गुलाबी दिसला तर घाबरू नका. फोनमधला फोटो थेट मशीनमध्ये घालून भरतकाम होत नाही. चित्राचं टाक्यांत रूपांतर करावं लागतं, त्याला डिजिटायझिंग म्हणतात. इंकस्केपवर चालणारं इंकस्टिच मोफत आहे, शिकायला वेळ लागतो. व्यावसायिक सॉफ्टवेअरची किंमत वेगळी मोजावी लागते, ती मशीनच्या किमतीत धरलेली आहे का ते लेखी विचारा. तयार डिझाइन मशीनवरच लहान-मोठं करायचं असेल तर दहा टक्क्यांच्या आत राहा. त्यापुढे लहान केलं की टाके एकमेकांवर चढून कापड आखडतं, मोठं केलं की मधून कापड दिसतं.

वेळेचा हिशोब आधीच करा. १२,००० टाक्यांचं डिझाइन मिनिटाला ४०० टाक्यांच्या वेगाने ३० मिनिटं घेतं. एकसुई मशीनवर सहा रंग असतील तर पाच वेळा दोरा हाताने बदलायचा, म्हणजे आणखी आठ-दहा मिनिटं. जोडमशीन असेल तर हा सगळा वेळ शिलाई बंद. गोधडी आणि भरतकाम दोन्ही नियमित करणार असाल तर एक महागडं जोडमशीन घेण्यापेक्षा एक साधं मजबूत शिलाई मशीन आणि एक फक्त भरतकामाचं, अशी जोडी जास्त काम देते. एक बिघडलं तरी दुसरं चालू राहतं, हा फायदा वेगळाच.

दोरा: वरून ४० नंबरचा पॉलिस्टर किंवा रेयॉन, खालून ६० किंवा ९० नंबरचा पातळ बॉबिन दोरा. रेयॉनची झळाळी जास्त, पण ब्लीचपुढे तो टिकत नाही. शाळेच्या गणवेशावरचं नाव पॉलिस्टरनेच करा. सुई ७५/११.

कापडाखाली स्टॅबिलायझर लावायचा. हा विजेचा नव्हे, कागदासारखा आधार. ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टला कापून काढायचा, घट्ट सुती कापडाला फाडून काढायचा, टॉवेलवर वरून पाण्यात विरघळणारा. त्याऐवजी वर्तमानपत्र लावण्याचा सल्ला मिळतो. पांढऱ्या कापडावर शाई उतरली की तो कोणी दिला ते आठवत नाही.

५. दुकानात जाताना पिशवीत काय न्यायचं

दुकानदार कडक खळ असलेल्या दोन पदरी कापडावर टीप मारून दाखवतो. त्यावर कुठलंही मशीन सुंदर चालतं. म्हणून स्वतःचं कापड न्या:

- दहा इंच चौरस सुती कापडाचे दोन तुकडे आणि मध्ये वॅडिंग, असं एक सँडविच
- जुन्या सुती साडीचा सहा पदरी घडी केलेला तुकडा, काठासकट
- जीन्सच्या पायाची शिवण, चार पदर होतील अशी
- २० इंच लांब, अडीच इंच रुंद अशा दोन सारख्या पट्ट्या
- लाल आणि पांढरा, एकाच जाडीचे दोन दोरे
- फूटपट्टी, ९०/१४ ची नवी सुई, आणि भरतकामाचं मशीन असेल तर एक डिझाइन पेन ड्राइव्हमध्ये

मग या क्रमाने करा, आणि मशीनसमोर स्वतः बसा.

दोरा स्वतः ओवा, बॉबिन स्वतः भरा. वर लाल, खाली पांढरा. सँडविचवर एक ओळ मारा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त, खाली लाल ठिपके दिसले तर कमी. डायल एक-दोन आकडे फिरवून दोन्हीकडे स्वच्छ टीप येते का बघा. येत नसेल तर ते मशीन सोडा.

सहा पदरी साडीवर अगदी सावकाश पॅडल दाबा. हँडव्हील हाताने न फिरवता सुई आरपार गेली पाहिजे. फक्त वेगात चालणारं आणि सावकाश अडणारं मशीन गोधडीला निरुपयोगी.

जीन्सच्या शिवणीवरून जा. टाका सुटतो का, फूट चढताना अडकतो का ते बघा.

दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून, न ओढता शेवटपर्यंत शिवा. वरची पट्टी शेवटी किती पुढे आली ते मोजा. अष्टमांश इंचापर्यंत चालेल. पाव इंच किंवा जास्त सरकली तर दाब कमी करून पुन्हा बघा.

दाते खाली घेऊन सँडविचवर स्वतःचं नाव फिरवून लिहा. वेडंवाकडं येईल, ते तुमच्या हाताचं. टाके सुटले किंवा दोरा सारखा तुटला तर आधी फिरत्या टिपेचा फूट लावला आहे ना ते बघा. तो असूनही तुटत असेल तर दोष मशीनचा.

भरतकामाच्या मशीनवर एक भरलेलं वर्तुळ आणि त्याभोवती बारीक बाह्यरेषा काढायला सांगा. रेषा आणि भराव यांच्यात फट दिसली तर कापड हूपमध्ये घट्ट आहे का बघून पुन्हा करा. दुसऱ्यांदाही फट आली तर हूपची हालचाल नेमकी नाही. पाच मिलिमीटर उंचीची देवनागरी अक्षरंही काढून बघा. इंग्रजी अक्षरं बरी येतात तिथे मात्रा आणि अनुस्वार चिकटून जातात.

६. वीज, कागद आणि परदेशातून आणलेलं मशीन

अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या नातेवाइकांकडून मशीन मागवण्याचा मोह होतो. तिथली बहुतेक मशीन १२० व्होल्टची असतात, जपानच्या बाजारातली १०० व्होल्टची. आपल्याकडे २३० व्होल्ट. नुसता पिनचा अडॅप्टर लावून जोडलं तर पहिल्याच मिनिटात बोर्ड जळतो. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, शिवाय तिथली वॉरंटी इथे चालेलच असं नाही. आखाती देशांतून किंवा इंग्लंडमधून आणताना मागच्या पट्टीवर २२० ते २४० व्होल्ट लिहिलं आहे का ते बघा.

संगणकीय मशीन इन्व्हर्टरवर चालवायचं तर शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर हवा. वीज मध्येच गेल्यावर भरतकाम थांबल्या टाक्यापासून पुढे सुरू होतं का, हेही दुकानातच विचारा. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी तर हा प्रश्न पहिला विचारावा.

घरी येताना हे हातात असू द्या: मशीनचा अनुक्रमांक लिहिलेलं पक्कं बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, माहितीपुस्तिका, आणि मिळणाऱ्या फूटांची लेखी यादी. मोटर आणि इलेक्ट्रॉनिक बोर्डाची वॉरंटी बाकीच्या मशीनपेक्षा वेगळ्या मुदतीची असू शकते, ती वाचा. दुरुस्तीला माणूस घरी येतो की मशीन शहरात न्यायचं, हे तोंडी न विचारता बिलावर लिहून घ्या. एकूण पैशांतला पाचवा हिस्सा वॉकिंग फूट, फिरत्या टिपेचा फूट, जोडटेबल, सुया आणि दोऱ्यांसाठी बाजूला ठेवा. सगळे पैसे मशीनवर घालवले तर पहिली गोधडी अर्ध्यात अडते.

७. पहिल्या महिन्यात जे बिघडतं

कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिनला दोष देतात. दहापैकी नऊ वेळा कारण वर असतं: फूट खाली असताना दोरा ओवलेला असतो. तेव्हा ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही. फूट वर करा, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा.

टाके सुटायला लागले तर आधी सुई बदला. आठ तास शिवल्यावर सुई बोथट होते, दिसत नसली तरी. मग ती नीट वरपर्यंत बसली आहे का ते बघा.

बॉबिन दिसायला सारख्या, पण उंचीत एक-दोन मिलिमीटर वेगळ्या असतात. शेजारणीच्या मशीनची बॉबिन बसली म्हणून चालेल असं धरू नका. मशीनबरोबर आलेली एक बॉबिन नमुना म्हणून दुकानात नेऊन तशीच घ्या.

गोधडीच्या कामात कापसाचे तंतू भरपूर पडतात. दर दोन-तीन बॉबिन संपल्या की प्लेट उघडून ब्रशने झाडा. फुंकर मारू नका, तंतू आत जातात आणि तोंडातली वाफ लोखंडाला लागते. तेल कुठे घालायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं. काही संगणकीय मॉडेलांत घरी तेल घालायचंच नसतं. जिथे घालायचं तिथे एक थेंब पुरतो. त्यानंतर जुन्या फडक्यावर दोन मिनिटं टीप मारा, नाहीतर तेलाचा पहिला डाग नव्या गोधडीवर पडेल.